एकोणीस एकांची संख्या



आपल्या नाहूरहून कल्याणच्या गाडीत बसले की मुलुंड, ठाणे मागे पडून पुढे डोंबिवली लागते. या स्थानकाचे जुने नाव डेम्लो. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत अध्यापन करणारे गणिती कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना एका संख्याकुलाची कल्पना या स्थानकावर सुचली. म्हणून त्यांनी त्यास ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. डोंगर चढून उतरावा तशा या संख्या!

आज मला बोलावयाचे आहे ते या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या, नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांविषयी. त्यांपैकी मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भागली न जाणारी, कोणती? ११ ही आहे. त्यानंतर मात्र थेट एकोणीस एक मांडावे लागतात.

एकांची गणती संयुक्त असेल तर संख्या संयुक्तच. सहा एकांना ११ आणि १११ दोन्हींनी भाग जातो. उलट गणती मूळ असली म्हणून काम भागत नाही. ११११११ सोडा, पाच एकच घ्या: ११११११ मधला एक वगळून उरलेले ११११ँ नव्हे, तर ११,१११ = ४१ × २७१. येथे एक गंमत पाहा. ४१ आणि २७१ यांतून एक वजा केला की दोहोंना पाचाने भाग जातो. हा नियमच आहे: गणती तीनहून मोठी मूळ संख्या असेल, तर प्रत्येक मूळ विभाजक त्या गणतीच्या पटीहून एकाने अधिक असतो.

एकोणीस एकांचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. तिथवरचे सारे विभाजक तपासणे अशक्यप्राय. परंतु या नियमाने, सम संख्या वगळता, सुमारे पावणेतीन कोटीच उरतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात, विद्युत्गणक नसताना, ऑस्कर होप यांनी ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. तिने एकास भागले असता अठरा शून्ये आणि एक नऊ, असे एकोणीस अंक पुनःपुन्हा येतात. एकोणीस अंकांचे आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही.

पुढे २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्या मूळ ठरल्या. ४९,०८१ एकांची संख्या मूळ असावी असे १९९९ साली दिसले. सिद्धता मिळाली २०२२ साली. मधली तेवीस वर्षे का थांबावे? कारण कसोटी फसवू शकते. ३४१ ही संख्या दोनाच्या घातांची कसोटी उतरते, आणि तरी ती ११ × ३१ आहे! संभव कितीही दाट असला तरी गणित त्यास सिद्धता म्हणत नाही.

अशा मूळ संख्या अनंत आहेत, असा तर्क आहे. सिद्धता अजून कोणापाशी नाही. कापरेकरांपाशी कागद, पेन्सिल आणि चिकाटी होती. ती आपणांपाशीही आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.