‘बहुतेक’ म्हणजे खात्री नव्हे

आज दोनच शब्दांबद्दल बोलायचंय : ‘वाजवी संशय’. पेपरात आपण वाचतो ना, ‘संशयाचा फायदा देऊन आरोपीची सुटका’? ते वाचलं की मी म्हणायचो, “सुटला लेकाचा!” मग एक जुनी केस वाचली आणि गप्प झालो.

डिसेंबर १९३४, इंग्लंड. रेजिनाल्ड वूल्मिंग्टन, वय २१, शेतमजूर. बायको त्याला सोडून आईकडे गेलेली. हा बंदूक घेऊन तिथे गेला. गोळी सुटली, ती गेली. तो म्हणाला, “मी स्वतःचा जीव देईन, असं तिला सांगत होतो. बंदूक चुकून उडाली.”

खटला ज्यूरीपुढे चालला. ज्यूरी म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी १२ माणसं. कायदा त्यांना न्यायाधीश समजावून सांगतात. पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या वेळी न्यायाधीशांनी सांगितलं, गोळी याच्या हातून सुटली हे ठरलं की खून धरायचा. अपघात होता हे त्याने पटवून द्यावं. झालं! दोषी. फाशी.

१९३५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा निकाल रद्द केला. लॉर्ड सँकी यांचं म्हणणं थोडक्यात असं : गुन्हा सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम. सगळं ऐकूनही वाजवी संशय उरला, तर आरोपी सुटलाच पाहिजे. समजावण्यातल्या एका चुकीवर माणूस फासावर गेला असता, बघा.

मग ‘वाजवी’ म्हणजे किती? भुताने चाप ओढला असेल, हा संशय वाजवी नाही. पुरावा नीट तपासल्यावरही जो मनातून जात नाही आणि ज्याचं कारण सांगता येतं, तो वाजवी. इथे टक्केवारी चालत नाही. इंग्लंडमध्ये आता न्यायाधीश ज्यूरीला सोपं सांगतात : तुमची खात्री पटली पाहिजे. ‘बहुतेक त्यानेच केलं असेल’ एवढ्यावर दोषी म्हणायचं नाही.

मुंबईत १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्यूरी होती. आज आपल्याकडे न्यायाधीशच निकाल देतात, पण कसोटी हीच.

आणि आपण? मोबाइलवर रोज ज्यूरीत बसतो. क्लिप आली, की दोषी! पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी स्वतःला एवढंच विचारा : खात्री आहे, की नुसतं वाटतंय?

भेटू पुढच्या भागात.