शाळेची उतरती पातळी आणि हस्तकौशल्याचें शिक्षण

(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



गत काळाचें स्मरण करण्याचें काम आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें पार पाडलें आहे. तें पुन्हा करून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाहीं. आम्हांस आपल्याशीं मुलांच्या शिक्षणाविषयीं बोलावयाचें आहे, आणि तेंहि एका वाक्याच्या आधारानें. हें वाक्य या धर्मग्रामांतील घराघरांतून आमच्या कानीं पडतें. तें असें: "पोरगा अभ्यासांत कच्चा आहे, फादर. दहावी कशीबशी निघाली कीं आय.टी.आय.ला घालूं म्हणतों." असें बोलणारा बाप लबाड नसतो, मुलाच्या काळजीनेंच तो बोलत असतो. परंतु त्याच्या त्या एका वाक्यांत दोन गैरसमज एकाच गांठोड्यांत बांधलेले आहेत. पहिला हा कीं, शाळेंत शिकावयाचें तें न शिकतांहि दहावी 'निघूं' शकते आणि त्यांत फारसें बिघडत नाहीं. दुसरा हा कीं, ज्यास डोकें चालवितां येत नाहीं त्यानें हात चालवावे. हे दोन्ही गैरसमज परस्परांस पोसतात, हेंच आज आम्हांस दाखवावयाचें आहे.

शाळा खालावल्या अशी ओरड प्रत्येक पिढीनें केली आहे. आमच्या गुरुजनांनींहि आमच्याविषयीं ती केलीच होती. म्हणून नुसत्या ओरडीवर विसंबणें बरें नव्हे. 'प्रथम' नांवाची संस्था देशांतील खेड्यापाड्यांतून घरोघर जाऊन मुलांस वाचावयास व हिशेब करावयास लावते आणि 'असर' या नांवानें त्याचा अहवाल प्रसिद्ध करते. त्या पाहणींत २०१८ सालीं पांचवीच्या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांस दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचतां येत होता. साथीच्या काळांत शाळा बंद राहिल्या, आणि २०२२ सालीं हें प्रमाण सुमारें ४३ टक्क्यांवर उतरलें. २०२४ सालीं तें पुन्हा निम्म्याच्या जवळपास आलें, आणि लोकांस हायसें वाटलें. आम्हांस मात्र तसें वाटलें नाहीं. पांचवींतील दर दोन मुलांमागें एकास दुसरीचें पुस्तक वाचतां येत नाहीं, ही जर आपली पूर्वपदावर आलेली स्थिति असेल, तर तें पूर्वपदच खड्ड्यांत होतें. भागाकाराची गोष्ट याहून वाईट आहे. तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येनें भागणें पांचवींतील दहा मुलांपैकीं जेमतेम तिघांस साधतें.

याचा सर्व दोष शिक्षकांच्या माथीं मारण्यास आम्ही तयार नाहीं. निवडणुका आल्या कीं शिक्षक, जनगणना आली कीं शिक्षक. वर्गावर उभें राहण्यास त्यास कितीसा वेळ उरतो? २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणास मागें ठेवूं नये असें ठरविलें. त्यामागील हेतु दयेचा होता. परंतु मुलास पुढच्या वर्गांत ढकलणें एवढेंच हातीं घेतलें गेलें आणि मागें राहिलेल्यास हात देऊन वर ओढणें तेवढें राहून गेलें. २०१९ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि आपल्या राज्यानेंहि पुढें पांचवीच्या व आठवीच्या परीक्षा पुन्हा आणल्या. परीक्षेनें रोग कळतो. औषध निराळेंच द्यावें लागतें.

आणि आपण पालक? स्पष्ट बोलतों, राग मानूं नये. घरांत कोणासहि इंग्रजी येत नसतां मुलास इंग्रजी माध्यमांत घालावयाचें, दप्तराचें ओझें व शिकवणीची फी वाढवावयाची, आणि मूल 'ट्रँगल' म्हणूं लागलें कीं धन्य व्हावयाचें. त्यास त्रिकोण समजला कीं नाहीं हें विचारावयाचें नाहीं. शेवटीं दहावीच्या परीक्षेंत शासनास कॉपीमुक्तीचें अभियान काढावें लागतें, यांतच सर्व आलें.

आतां दुसरा गैरसमज पाहूं. त्यासाठीं आपण आपल्या नगराकडेच वळूं. आज यास छत्रपति संभाजीनगर म्हणतात, आणि आपला धर्मप्रांत १९७७ सालीं औरंगाबाद या नांवानें स्थापन झाला. मलिक अंबर यानें १६१० सालीं खडकी म्हणून हें वसविलें. येथें पाणी आणण्यासाठीं त्यानें जमिनीखालून जी नहर काढली, ती आजहि जाणत्यांस चकित करते. पुढें पाणचक्कीवर डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून सोडून, त्याच्या जोरावर जातें फिरविलें गेलें. ज्यांनीं ते नळ बसविले त्यांच्यापाशीं पदवी नव्हती हें खरें. पण उतार किती ठेवावा, पाणी किती उंच चढेल, सांधा कसा बुजवावा, हें त्यांस अंदाजपंचें ठाऊक नव्हतें. नेमकें ठाऊक होतें. हिमरूच्या मागावर बसणारा विणकर असो कीं पैठणची पैठणी विणणारा असो, त्याचें सारें काम मोजणीचें आहे. एक धागा चुकला तर मोराची मान वांकडी होते. या नगरांत हात आणि गणित कधीं विभक्त नव्हते. हात म्हणजे अडाण्याचा, हें आपण मागाहून ठरविलें.

१९६० नंतरच्या काळांत चिकलठाण्यास कारखाने आले. १९८५ सालीं वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००१ सालीं शेंद्र्यास स्कोडाची मोटारगाडी तयार होऊं लागली, आणि आतां शेंद्रा-बिडकीन येथें ऑरिक ही नवी उद्योगनगरी उभी आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण सकाळच्या पाळीच्या बसमध्यें बसून त्याच दिशेस जातात. परंतु ते तेथें काय म्हणून जातात? बहुतेक ठेकेदाराचे 'हेल्पर' म्हणून. आज आहे, उद्यां नाहीं. यंत्रावर उभा राहणारा, आराखडा वाचणारा, माप घेणारा माणूस पुष्कळदां दुसऱ्या जिल्ह्यांतून किंवा दुसऱ्या प्रांतांतून आलेला असतो. कारखाना आमच्या दारांत आला आणि आमचें मूल दाराशींच उभें राहिलें.

असें कां होतें? फिटरचें किंवा टर्नरचें काम काय असतें तें पाहूं. त्याच्या हातीं व्हर्नियर कॅलिपर असतो. त्यानें मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत, म्हणजे ०.०२ मिलिमीटरपर्यंत, माप घेतात. मनुष्याच्या केसाची जाडीहि साधारणतः याहून अधिक असते. आराखड्यावर २५ लिहिलेलें असतें आणि पुढें बारीक अक्षरांत अधिक-उणे किती चालेल तें लिहिलेलें असतें. दशांश चिन्हानंतरचें शून्य ज्यास कळत नाहीं, त्याच्या हातून तो तुकडा भंगारांत गेलाच म्हणून समजा. टर्नरास निमुळता दांडा कातावयाचा असेल, तर दोन टोकांच्या व्यासांतील फरक लांबीच्या दुपटीनें भागून त्यावरून कोन काढावा लागतो. म्हणजे भागाकार आला, त्रिकोणमिति आली. आय.टी.आय.मध्यें फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, प्रवेशास दहावी लागते, आणि कार्यशाळेंतील गणित व यंत्रांचें चित्रण हे तेथें शिकविलेच जातात. जो मुलगा पांचवींत भागाकार न येतां वर चढला, तो तेथें जाऊन बसला म्हणून त्यास भागाकार येईल असें नाहीं. तो प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडेल आणि हेल्परच राहील. तात्पर्य इतकेंच कीं, कच्च्या मुलाची सोय म्हणून कारागिरीकडे पाहणारा बाप त्या मुलास दुसऱ्यांदा नापास करीत असतो.

ज्युबिलीच्या निमित्तानें एक जुनी आठवण सांगावीशी वाटते. १८८७ सालीं महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झालीं, तेव्हां मुंबईंत त्या ज्युबिलीचें नांव देऊन एक तांत्रिक शिक्षणसंस्था स्थापन झाली. तीच आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था. रंग नीट ओळखतां न आल्यामुळें ज्यांस चित्रकला सोडावी लागली असे बेळगांवकडील एक तरुण यंत्रांच्या चित्रणाकडे वळले आणि त्या संस्थेंत शिक्षक झाले. त्यांचें नांव लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांनीं पुढें लोखंडी नांगर केला, तेव्हां शेतकरी म्हणाले, लोखंडानें जमीन विषारी होईल! तरी नांगर खपला, १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, आणि मराठी शेतकऱ्याच्या हातीं मराठी माणसानें केलेलें लोखंडी अवजार आलें. एका ज्युबिलीनें कमानी व रोषणाई यांपलीकडे कांहीं मागें ठेवलें, तें हें.

आपल्या ख्रिस्तसभेंतील दाखला संत जॉन बॉस्को यांचा आहे. ट्यूरिन नगरांत खेड्यांतून मजुरीस आलेलीं पोरें त्यांच्याभोवतीं जमलीं. त्यांनीं १८५३ सालीं चांभारकाम व शिंपीकाम यांचे वर्ग उघडले, हें आपण ऐकलें असेल. त्याआधीं त्यांनीं काय केलें तें फारसें कोणी सांगत नाहीं. त्यांनीं रात्रीचे वर्ग चालवून त्या पोरांस वाचन व हिशेब शिकविला. सार्डिनियाच्या राज्यांत १८५० पासून दशमान मापें सक्तीचीं व्हावयाचीं होतीं. म्हणून त्यांनीं आधींच त्या मापांवर सोप्या भाषेंत एक पुस्तिका लिहिली. संत मनुष्य अपूर्णांकांवर पुस्तक लिहितो, ही गोष्ट आम्हांस फार आवडते. आणि १८५२ सालीं एका मुलास सुतारकाम शिकविण्याबद्दल त्यांनीं मालकाशीं लेखी करार केला. त्यांत मालकानें मुलास त्याच्या धंद्याचेंच काम द्यावें, घरगड्यासारखें राबवूं नये, मारहाण करूं नये व सणाची सुट्टी द्यावी अशा अटी होत्या. ठेकेदाराकडे कागद न पाहतां सही करणाऱ्या आपल्या मुलांची आठवण येथें होते. आपल्या देशांतहि १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्याखालीं विद्यावेतन मिळतें व शेवटीं प्रमाणपत्र मिळतें. हेल्पर म्हणून दोन वर्षें झिजण्यापेक्षां उमेदवार म्हणून एक वर्ष काढणें शहाणपणाचें आहे, हें किती घरांत ठाऊक आहे?

येथें आपल्यापैकीं वृद्धांच्या मनांत एक शल्य उठेल, आणि तें आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. आपल्यापैकीं अनेकांच्या वाडवडिलांस गांवानें हातकामांस जुंपलें होतें. वेठ त्यांची, मान दुसऱ्याचा. त्या ओझ्यांतून सुटण्यास त्यांनीं पाटी-पेन्सिल हातीं धरली. १९५० सालीं डॉक्टर आंबेडकरांनीं याच नगरांत महाविद्यालय काढलें, तें हीच वाट रुंद व्हावी म्हणून. अशा घरांतील आई म्हणते, "आमच्या बापानें राबून घेतलें, पोरानें खुर्चींत बसावें." तिची इच्छा न्याय्य आहे, आणि ज्या मुलास पुढें शिकावयाचें त्याची वाट कोणींहि कारागिरीचें नांव सांगून अडवूं नये. १९३७ सालीं वर्ध्यास महात्मा गांधींनीं हस्तोद्योगांतून शिक्षणाची योजना मांडली, तेव्हांहि लोकांस हीच भीति वाटली होती कीं, गरिबांच्या मुलांस चरखा आणि श्रीमंतांच्या मुलांस पुस्तक. ती भीति अगदींच खोटी नव्हती. म्हणून आमचें म्हणणें असें कीं हात व पुस्तक दोन्ही एकाच मुलास, आणि सर्वच मुलांस, मिळावे, वकिलाच्या मुलासहि.

हें केवळ स्वप्न नव्हे. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉक्टर श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेंत शिकलेला, मोठ्या कंपनींत संशोधन केलेला हा मनुष्य कोरडवाहू खेड्यांत येऊन राहिला. तेथील पद्धतीनें चालणाऱ्या शाळांतून आठवी ते दहावीचीं मुलें आठवड्यांतून एक दिवस जोडकाम, वीज, शेती, अन्नप्रक्रिया करतात, आणि तींहि गांवास लागणारीं खरीं कामें. फाटक करावयाचें तर लोखंड किती लागेल याचा हिशेब मुलांसच करावा लागतो. तेथें गणित पळवाट देत नाहीं. आपल्या शाळांतील कार्यानुभवाचा तास याच हेतूनें ठेवला गेला होता. त्यांतून बहुतेक ठिकाणीं कागदाचीं फुलें निपजलीं, आणि तींहि पुष्कळदां आईनें केलेलीं किंवा दुकानांतून आणलेलीं.

एक गोष्ट मुलींविषयीं. शिवणयंत्र म्हटलें कीं मुलगी आणि वीजजोडणी म्हटलें कीं मुलगा, अशी वांटणी आपल्याकडे आहे. ती कोणत्याहि आज्ञेंत लिहिलेली आम्हांस आढळली नाहीं.

आतां कामाचें बोलतों. धर्मग्राम समितीनें ज्युबिली निधींतून उरणारी रक्कम प्रवेशद्वारावरील कमानीसाठीं योजिली होती. आमच्या विनंतीवरून समितीनें ती कमान पुढें ढकलली आहे. त्या पैशांतून सभागृहाच्या मागील खोलींत दोन लांब बाकें, दोन शिकंजे, कानशी, मापनाचीं साधनें आणि एक मोठा फळा घेतला जाईल. आपल्यांतील दोन निवृत्त फिटर व एक निवृत्त शिक्षिका यांनीं सोमवार ते गुरुवार सायंकाळीं सात ते साडेआठ येण्याचें कबूल केलें आहे. पहिला पाऊण तास वाचन व गणित. दुसरा पाऊण तास बाकावर. जो पहिल्या पाऊण तासास येणार नाहीं, त्यास दुसऱ्या पाऊण तासांत कानस मिळणार नाहीं. ही अट आमची आहे आणि ती आम्ही मोडूं देणार नाहीं. सहावी ते नववीच्या मुलांमुलींस प्रवेश आहे. फी नाहीं. मात्र दर महिन्यास एकदां बापानें किंवा आईनें स्वतः येऊन मुलाकडून एक पान वाचून घ्यावें लागेल. स्वतःस वाचतां येत नसेल तरी यावें. मूल अडखळतें कीं नाहीं हें कानांस कळतें. नांवें येत्या रविवारीं मिस्सेनंतर सभागृहाच्या ओसरीवर लिहून घेतलीं जातील. येतांना मुलास बरोबर आणावें, आणि त्याची गणिताची वही, ती जशी असेल तशीच, घेऊन यावी.