हाताची घडी सोडून



वर्गात शांतता हवी, याबद्दल कुणाचं दुमत नाही. प्रश्न आहे तो ती कशी आणायची याचा. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हटलं की वर्ग गप्प होतो खरा; पण त्या गप्प मुलांच्या मनात काय चाललंय, ते ना बाईंना कळतं, ना मुलांना. हल्ली शाळांमधून माइंडफुलनेसचं, सजगतेचं बोलणं वाढलंय. दिल्लीच्या सरकारी शाळांनी २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस’चा तास सुरू केला, त्याला परीक्षा नव्हती, गुण नव्हते. आपल्याकडे ‘मित्र उपक्रमा’तून आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहण्याचा सराव, शाळांत आला. हे सगळं मला मनापासून हवं आहे. धास्ती एकच वाटते, की यालाही तोंडावरच्या बोटाचंच रूप येईल.

शांतता धाकाविनाही येते. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह काढलं. एकदा त्या एक चार महिन्यांची तान्ही मुलगी वर्गात घेऊन आल्या. ही किती निश्चल आहे, श्वास किती हळू घेते, तुम्हाला जमेल का असं, म्हणून त्यांनी मुलांना विचारलं. मुलं श्वाससुद्धा जपून घेत बसली. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. पुढे त्याचा खेळच झाला. बाई लांबून एकेकाचं नाव कुजबुजणार, ज्याचं नाव येईल त्यानं आवाज न करता उठून जायचं. प्रत्येक मूल वाट पाहतं आणि प्रत्येकाचं नाव येतं, हे मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं. शिक्षेचा तिथे मागमूसही नाही.

एका जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या बाई परिपाठानंतर घंटेवर एकच टोला देतात. नाद पुरता विरला असं वाटलं की बोट वर करायचं. मग पोटावर हात ठेवून पाच-सहा श्वास. डोळे मिटायची सक्ती नाही. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते, आणि त्याला कारणं असतात. नंतर बाई विचारतात, आत्ता कसं वाटतंय? ‘पोटात गोळा आलाय, आज पाढे म्हणायचेत,’ एक मुलगी म्हणाली. बाई ‘त्यात काय घाबरायचं’ म्हणाल्या नाहीत. ‘बरं झालं सांगितलंस,’ म्हणाल्या, आणि पाढे तिला मैत्रिणीबरोबर म्हणू दिले. भीती ओळखता आली, बोलून दाखवता आली आणि कुणी हसलं नाही. आठ वर्षांच्या मुलीला हे थोडं नाही.

या सरावाचा गाजावाजा मात्र नको. ब्रिटनमध्ये ८ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या ‘मिरियाड’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ती मुलं थोडी मोठी, अकरा वर्षांपुढची. सजगतेचे धडे तिथल्या नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाहीत. बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑनलाइन माहिती भरता भरता बाईच धापा टाकत वर्गात येत असतील, तर मुलांनी शिकायचं कुणाकडे पाहून?

आणि जे मूल उपाशी आलंय, घरी मार खातंय, त्याला श्वासाकडे लक्ष दे म्हणणं हा अन्याय आहे. त्याला आधी जेवण हवं, संरक्षण हवं. १०९८ हा मदतीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक हवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे. छडी खरोखरच वर्गाबाहेर गेली पाहिजे.

जूनमध्ये शाळा उघडतील. पालकसभेत ‘अभ्यास कसा चाललाय’ याच्या जोडीने ‘माझं मूल वर्गात कशाला घाबरतं’ हेही बाईंना विचारा. मुख्याध्यापकांना विनंती, की परीक्षा तोंडावर आली म्हणून श्वासाची आणि मनातलं बोलण्याची ही थोडी मिनिटं गणिताला देऊन टाकू नका. मुलांना ती तेव्हाच सर्वांत जास्त लागतात.