बादशहा, फकीर आणि इंदापूर



मुघल दरबारातला चित्रकार बिचित्र याने साधारण १६१५ ते १६१८च्या दरम्यान रंगवलेलं एक लघुचित्र आज वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहालयात आहे. वाळूच्या घड्याळावर बसलेला जहांगीर अजमेरच्या शेख हुसेन या वृद्ध सुफीला ग्रंथ देतो आहे. शेख तो हातात घेत नाही, अंगावरच्या वस्त्रात झेलतो. त्याच्या खाली हात जोडलेला तुर्की सुलतान, मग इंग्लंडचा राजा जेम्स आणि तळाशी खुद्द चित्रकार. राजांहून फकीर थोर, हा झाला उघड अर्थ. पण नीट पाहा. तेजोवलय एकट्या बादशहाच्या मस्तकामागे आहे, आणि आकारानेही तोच मोठा. फकिराला मान देणारा बादशहा किती थोर, हेच शेवटी मनावर ठसतं.

फकिरांना असा मान इकडे दख्खनेतही होता. त्या काळी आपल्याकडे, इंदापूरच्या भागात, निजामशाही होती. अहमदनगरच्या शहा शरीफ या फकिरावर मालोजीराजे भोसल्यांची श्रद्धा. त्यांच्याच नावावरून मालोजींनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत कामी आले. त्यांची गढी इंदापुरात आहे, आणि चांदशहावलींचा दर्गाही. सुपे आणि इंदापूर पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत होते.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर जहांगीरला काही केल्या आवरेना. तेव्हा त्याच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराने चित्र काढलं: माशावर बैल, बैलावर पृथ्वी, पृथ्वीवर उभा जहांगीर, आणि त्याचा बाण भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर! हे चित्र डब्लिनला आहे. प्रत्यक्षात १६२४ साली भातवडीला अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, शरीफजी धारातीर्थी पडले. आणि अंबर? तो १६२६ साली म्हातारपणाने वारला.

तेव्हा ही चित्रं म्हणजे लढाईची बखर नव्हे. बादशहाला जे व्हावंसं वाटे, ते त्यांत घडलेलं दिसतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही मुघल लघुचित्रं आहेत. बारामती-इंदापूरच्या मुलांची सहल तिथे गेली, तर शिक्षकांनी एवढंच विचारावं: या चित्रात कोण मोठा काढलाय, आणि चित्राचे पैसे कोणी दिले असतील?