एका पुस्तकाभोवती दहा माणसे

(एका वाचन मंडळाच्या शुभारंभप्रसंगी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘वाचन मंडळ’ हा शब्द नवा वाटला, तरी त्यामागची रीत महाराष्ट्राला नवी नाही. चातुर्मास सुरू झाला की वाड्याच्या ओसरीवर पोथी लागत असे. एकजण श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ वाचीत असे, जाणता माणूस अर्थ सांगत असे आणि आळीतील लहानथोर ऐकत असत. त्यांतील कित्येकांना अक्षरओळख नव्हती. तरीही भीष्माची प्रतिज्ञा आणि कर्णाचे औदार्य त्यांच्या मनात घर करून होते. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकातील पहिलाच समास श्रवणभक्तीला वाहिला आहे. एकाने वाचावे, दहांनी ऐकावे आणि सर्वांनी मिळून मनन करावे, अशी ही परंपरा आहे.

मुद्रणकला आली आणि या परंपरेला ग्रंथालयाचे रूप मिळाले. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये, तर पुणे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पोहोचविणारी फिरती ग्रंथालये उभी केली. वाचक ग्रंथालयापर्यंत येत नसेल, तर ग्रंथालयाने वाचकाच्या दारी जावे, हा विचार एका राजाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आचरणात आणला.

एक पुस्तक काय करू शकते, याचे एक उदाहरण मुंबईतील आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि ग्रंथकार होते. भीमराव आंबेडकर या वाचनवेड्या विद्यार्थ्याला त्यांनी शालेय वयातच स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. पुढे याच गुरुजींच्या शब्दामुळे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती त्या विद्यार्थ्याला मिळाली. दादरच्या ‘राजगृहा’त डॉ. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली. एका शिक्षकाने विद्यार्थ्याच्या हाती ठेवलेल्या पुस्तकाचा प्रवास असा दूरवर जातो. घरातील वाढदिवसाला खेळणी आणि कपडे देताना ही गोष्ट स्मरणात असावी.

दुसरे उदाहरण लंडनमधील आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर तेथे १८५७ च्या समराचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयातील कागदपत्रे आणि के, मॅलेसन यांच्यासारख्या इंग्रज इतिहासकारांचे ग्रंथ पिंजून काढले. ज्यांनी त्या युद्धाला शिपायांचे बंड ठरविले, त्यांच्याच लेखनातून सावरकरांनी स्वातंत्र्यसमराचे पुरावे उभे केले. या ग्रंथातील भाग तेथील भारतीय तरुणांच्या साप्ताहिक बैठकांत वाचून दाखविले जात. १९०९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावरील बंदी मात्र प्रकाशनाच्या आधीच आली होती! छापून होण्यापूर्वीच एखाद्या पुस्तकाची साम्राज्याला धास्ती वाटावी, यात त्या वाचनाचे सामर्थ्य दिसते.

पुढे अंदमानात कोलू फिरवूनही हे व्रत सुटले नाही. राजबंद्यांना घरून येणारी पुस्तके एकत्र करून तेथे ग्रंथसंग्रह वाढविण्यात आला आणि निरक्षर बंदिवानांना अक्षरे शिकविण्याचा उद्योग चालला. कागद नव्हता, तेव्हा कोठडीच्या भिंतीवर कविता कोरून त्या पाठ करण्यात आल्या. ज्यांना संध्याकाळी दोन मोकळे तास मिळतात, त्यांनी ‘वाचायला वेळ नाही’ असे म्हणण्यापूर्वी ती भिंत आठवावी.

या दोन उदाहरणांतून कार्यकर्त्यांसाठी एक कठोर प्रश्न निर्माण होतो. धावपळीच्या कामात वाचन मागे पडते आणि त्याचे कोणाला वैषम्यही वाटेनासे होते. बोलणारे वाढले आणि वाचणारे घटले, तर बौद्धिक म्हणजे ऐकीव वाक्यांची उजळणी होऊन बसते. शिवछत्रपतींच्या, स्वामी विवेकानंदांच्या नावाने भ्रमणध्वनीवर फिरणारी कित्येक वाक्ये त्यांच्या कोणत्याही पत्रात वा भाषणात सापडत नाहीत. ती श्रद्धेने पुढे पाठविणारा कार्यकर्ता नकळत त्या महापुरुषांवर अन्यायच करतो. मूळ ग्रंथ उघडून पाहण्याची सवय हाच त्यावर उपाय आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलावी लागेल. केवळ आपल्याच विचाराची पुस्तके वाचणारे मंडळ लवकरच आळसावते. प्रतिपक्षाचा ग्रंथ मुळातून वाचल्याविना त्याचे खंडन करणे म्हणजे पूर्वपक्ष न मांडता सिद्धान्त सांगणे होय. भारतीय शास्त्रपरंपरेला ते मान्य नव्हते. वर्षातील दोन-तीन पुस्तके तरी न पटणाऱ्या विचारांची असावीत आणि ती रागाने नव्हे, तर लक्षपूर्वक वाचली जावीत.

मग मंडळ सुरू कसे करावे? आठ-दहा माणसे पुरेशी आहेत. पंधरवड्यातील एक वार आणि दीड तासाची वेळ ठरवावी, आणि ती कोणासाठीही बदलू नये. बैठक पाळीपाळीने सदस्यांच्या घरी व्हावी. खाणे चहापुरतेच ठेवावे, नाहीतर यजमान घरातील गृहिणी स्वयंपाकघरातच अडकते आणि जिच्यासाठी वाचन हा हक्काचा विसावा ठरावा, तीच चर्चेला मुकते. पुस्तकाचा परिचय एकाने वीस मिनिटांत करून द्यावा आणि नंतर प्रत्येकाने बोलावे. अर्धेच पुस्तक वाचून आलेल्याला संकोच वाटू देऊ नये, पण न वाचता मत मांडणाऱ्याला प्रेमाने थांबवावे. पहिले पुस्तक जाडजूड नसावे. एखादे चरित्र, प्रवासवर्णन वा कथासंग्रह घ्यावा. वैचारिक ग्रंथ सहा महिन्यांनंतर यावेत. सर्वांनी पुस्तक विकत घेतलेच पाहिजे असे नाही. गावातील ग्रंथालयाचे सदस्यत्व घेतले, तर त्या संस्थेलाही बळ मिळेल.

मुलांचा विचार वेगळा करावा लागेल. इंग्रजी माध्यमात शिकणारी अनेक मुले मराठी अस्खलित बोलतात, पण मराठी पान वाचताना अडखळतात. त्यांना उपदेश करून उपयोग नाही. रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे आई, वडील वा आजोबांनी मोठ्याने वाचून दाखवावे आणि गोष्ट रंगात आली की थांबावे. पुढे काय झाले, या उत्सुकतेपोटी मूल स्वतः पुस्तक उघडेल. मात्र दिवाणखान्यात दूरचित्रवाणीसमोर बसून मुलाला ‘वाचत बस’ असे सांगणाऱ्या घरात हा प्रयोग यशस्वी होत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वत्र साजरा झाला. पण भाषेचे अभिजातपण शासनाच्या निर्णयाने घोषित होते आणि वाचकांमुळे टिकते. सातारा जिल्ह्यातील भिलार हे गाव २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले, ते तेथील कुटुंबांनी पुस्तकांसाठी आपल्या घराची दारे उघडली म्हणून. अशी दारे प्रत्येक आळीत, प्रत्येक वसाहतीत उघडता येतील.

ओसरी गेली, वाडे गेले, सदनिका आल्या. तरीही सदनिकेत एक चौरंग, एक ग्रंथ आणि भोवती दहा माणसे सहज मावतात. ती माणसे एकत्र बसली की पुढचे काम ग्रंथ करील.