तोटी कोरडी राहिली तर उत्तर कोणी द्यावे?



नळाला पाणी येते तोवर ते कोणी आणले याची चौकशी कोणी करीत नाही. तोटी कोरडी राहिली म्हणजे मात्र 'जबाबदार कोण?' हा प्रश्न घरोघर निघतो. शहरांना पाणी पुरविणाऱ्या खाजगी कंपन्यांचा चारशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवतीच फिरत आला आहे.

या इतिहासाचा आरंभ लंडनमध्ये सापडतो. ह्यू मिडल्टन यांच्या पुढाकाराने 1613 मध्ये 'न्यू रिव्हर' हा कालवा शहरापर्यंत आला. पुढे अनेक कंपन्या निघाल्या. भांडवल उभे राहिले, नळ वाढले. परंतु पाणी कोठून घ्यावे, हे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवी. 1854 च्या पटकीच्या साथीत त्याचे फळ दिसले. एका कंपनीने आपला उपसा थेम्स नदीच्या वरच्या, स्वच्छ भागात नेला होता. दुसरी शहराच्या घाणीने दूषित झालेले पाणीच पुरवीत होती. दुसरीच्या ग्राहकांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी अधिक असल्याचे डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरच्या मोजणीतून दाखविले. अखेर 1904 मध्ये तेथील आठ कंपन्यांचा कारभार सार्वजनिक मंडळाकडे आला. 1989 मध्ये इंग्लंडने तो पुन्हा खाजगी हाती सोपविला. उलट पॅरिसने 1985 मध्ये कंपन्यांना दिलेले पाणीवाटप 2010 मध्ये परत घेतले.

मुंबईचा मार्ग प्रथमपासून निराळा होता. 1860 मध्ये विहारचे पाणी शहरात आले, ते शासनाच्या पुढाकाराने. कंपनीच्या नफ्यासाठी नव्हे. खाडीपलीकडील नव्या शहराने हीच परंपरा आपल्या परीने पुढे चालविली.

1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतील गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आकारास येऊ लागली. शहर वाढले तशी कामेही वाढली. तेव्हा पंपघरांची देखभाल, जलमापकांचे वाचन अशी कामे सिडकोने ठेकेदारांकडे सोपविली. कामे दुसऱ्याच्या हाती गेली, तरी पाणीपुरवठ्याचे दायित्व सिडकोकडेच राहिले.

1992 पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. पाण्यासाठी शहराला इतर यंत्रणांवर अवलंबून राहावे लागे. 2002 मध्ये महानगरपालिकेने धावरी नदीवरील मोरबे धरण महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतले. भोकरपाडा येथील जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता दररोज 45 कोटी लिटर आहे. स्वतःच्या मालकीचे धरण असणे, हे देशातील फारच थोड्या महानगरपालिकांच्या वाट्यास आले आहे. मात्र या धरणासाठी खालापूर तालुक्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हेही शहराने विसरता कामा नये. धरणाची मालकी घेणाऱ्याने त्या ऋणाची मालकीही स्वीकारलेली असते.

महाराष्ट्रातील इतर दोन शहरांचा अनुभव येथे उपयोगी पडतो. लातूरचा पाणीपुरवठा 2008 मध्ये 10 वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीकडे दिला गेला; जलमापक आणि वाढीव खर्च यांवरून नागरिकांनी विरोध केला आणि ती व्यवस्था टिकली नाही. नागपूरने 2011 मध्ये 25 वर्षांचा करार केला आणि 2012 पासून कंपनीने काम हाती घेतले. तेथेही जलवाहिन्यांची मालकी आणि दर ठरविण्याचा अधिकार महानगरपालिकेने आपल्याकडे राखला.

या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कंपनी म्हटली की कार्यक्षमता आणि सरकार म्हटले की दिरंगाई, अशी सरळ वाटणी इतिहास मान्य करीत नाही. गळती शोधणे, पंप चालविणे, देयके वाटणे ही कामे कुशल ठेकेदार करू शकतो. परंतु पाणी कोठून घ्यावयाचे, टंचाईत कोणाला किती द्यावयाचे आणि गरिबाला ते कोणत्या दराने परवडेल, हे निर्णय कराराच्या कागदावर दुसऱ्याला देऊन टाकता येत नाहीत. लंडनच्या घराघरांतील मृत्यूंनी हेच शिकविले.

ठेक्याची मुदत संपते, ठेकेदार बदलतो. हंडा घेऊन नळाशी उभ्या राहिलेल्या गृहिणीला मात्र ज्याच्या दारात जाऊन जाब विचारता येईल, असे एक कायमचे दार शहरात असावे लागते. नवी मुंबईने ते आपल्याकडे राखले आहे. ते उघडे ठेवणे हे आता तिचे कर्तव्य आहे.