१२ दिवसांचा उशीर
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



२५ वर्षांच्या आठवणी सांगायला मला उभं केलंय. गणपतीच्या, कोजागिरीच्या आठवणी इतरांनी छान सांगितल्या. मी पूर्वी खजिनदार होतो, त्यामुळे माझ्याकडे हिशेबाची एक आठवण आहे आणि ती माझ्याच चुकीची आहे.

आपल्याकडे नेहमी म्हणतात, “सोसायटी काय धंदा करते? तिला कसला आलाय इन्कम टॅक्स?” हे अर्धंच खरं आहे. सभासदांनी स्वतःच्याच सोयीसाठी वर्गणी काढली, तर तो नफा नव्हे. नियमात बसणारी ट्रान्स्फर फी आणि बिनभोगवटा शुल्क करपात्र नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ साली व्यंकटेश प्रिमायसेस सोसायटीच्या निकालात सांगितलं. पण एफडीचं व्याज बँक देते, सभासद नव्हे. ते उत्पन्नच. शिवाय सहकारी संस्थेला पहिल्या रुपयापासून कर असतो : पहिल्या १० हजारांवर १० टक्के, पुढच्या १० हजारांवर २० आणि त्यावरच्या रकमेवर ३० टक्के.

आपल्या ठेवी सहकारी बँकेत होत्या. त्या व्याजावर कलम ८०-पीची वजावट आपण दरवर्षी घेत होतो, म्हणून कर शून्य येई. त्या वर्षी व्याज होतं १ लाख ८० हजार. ऑडिट झालेलं होतं, फक्त माझी सही राहिली होती. “दिवाळी होऊ दे, मग बघू,” असं मी म्हटलं. ३१ ऑक्टोबर उलटला आणि रिटर्न १२ दिवस उशिरा गेला.

रिटर्न मुदतीत नसेल तर ही वजावट मिळत नाही, ही अट २०१८ पासून आहे. शून्याच्या जागी ५३,०४० रुपये भरावे लागले, व्याज आणि लेट फी वेगळी! जन्मभर बँकेत दुसऱ्यांना तारखा पाळायला लावल्या, आणि स्वतः चुकलो.

वार्षिक सभेत मी ते उभं राहून सांगितलं. कुणी रागावलं नाही. फक्त एका वहिनींनी विचारलं, “काका, म्हणजे प्रत्येक घराचे किती गेले?” ४० घरं, प्रत्येकी १,३२६ रुपये. तो आकडा मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून ऑफिसच्या भिंतीवर मी लिहून लावलेला तक्ता आहे. ३१ जुलैपर्यंत ऑडिट. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा आणि निबंधकांकडे वार्षिक विवरणपत्रं. ३१ ऑक्टोबरपर्यंत इन्कम टॅक्स रिटर्न. रंगकाम, लिफ्ट, सिक्युरिटी यांच्या बिलातून कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत. टीडीएसचं तिमाही रिटर्न चुकलं तर दिवसाला २०० रुपये फी लागते.

तरुण मंडळींना एवढंच सांगणं : कमिटीत या. सगळं सीए बघतील असं म्हणू नका. सीए रिटर्न भरतात, पण बिलं, व्हाउचर आणि सही वेळेवर देणं आपलं काम. तारखा बदलल्या तर तक्ताही बदला, पण तो भिंतीवरून काढू नका.

सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला मी असेन-नसेन. तक्ता मात्र असावा.